एल्फ विरुद्ध माणूस: युद्ध पेटलं तर कोण जिंकेल? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एल्फ म्हणजे फँटसी कथांतली माणसासारखी दिसणारी, पण फार लांब आयुष्य जगणारी जमात. फँटसी वाचणाऱ्या, खेळणाऱ्या आणि लिहिणाऱ्या मंडळींकडून या विषयावर तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. आकडेमोडीतली गृहीतकं उघड सांगितली आहेत. पटली नाहीत तर आपले आकडे घालून हिशोब पुन्हा करा.

१. फार खोलात न जाता सांगा, कोण जिंकेल?

माणसं. सुरुवातीची दहाएक वर्षं मात्र तसं अजिबात वाटणार नाही. एल्फ एकामागून एक लढाया मारतील, माणसांच्या दरबारात रडारड होईल, दोन-तीन सेनापतींची मुंडकी उडतील आणि तरीही शेवटी एल्फ हरतील. याचा शौर्याशी फारसा संबंध नाही. प्रश्न एवढाच आहे की मेलेल्या सैनिकाची जागा भरायला किती वर्षं लागतात (प्र. ४). यातून एल्फांना दोनच वाटा सुटतात: युद्ध एक-दोन मोसमांत उरकायचं (प्र. ३) किंवा लढायचंच नाही (प्र. ९).

२. पण कोणते एल्फ? प्रत्येक लेखकाचे वेगळे असतात ना?

असतात, आणि निम्मी भांडणं तिथेच होतात. तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने नॉर्स (उत्तर युरोपातल्या) पुराणकथा लिहून काढल्या, त्यात उजळ एल्फ आणि काळे एल्फ असे दोन प्रकार येतात. पण त्यांचं सैन्य, शेती, लोकसंख्या यांचा पत्ता नाही. ब्रिटन-आयर्लंडच्या लोककथांतले तर माणसांची पोरं पळवणारे, लोखंडाला भिणारे. या मंडळींशी युद्ध म्हणजे भुताशी कुस्ती, हिशोब लागत नाही.

आज बहुतेकांच्या डोक्यात असतात ते उंच, देखणे, दीर्घायुषी, धनुष्यात तरबेज, जंगलात राहणारे. हे रूप ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनच्या पुस्तकांमुळे रूढ झालं आणि १९७४ पासूनच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळामुळे घरोघरी पोचलं. या खेळाच्या २०१४ च्या नियमांत एल्फ साधारण ७५० वर्षं जगतो. शरीराने तो माणसाच्याच वयात वाढतो, पण स्वतःला प्रौढ म्हणवतो शंभरीच्या आसपास. इथल्या उत्तरांत हाच ‘सरासरी एल्फ’ धरला आहे. जादू आणि लोखंड वेगळे काढले आहेत (प्र. १०, ११), कारण ते आत आले की बाकी सगळं कोलमडतं.

३. एक एल्फ नऊ माणसांना भारी असेल, तर हजार एल्फांसमोर नऊ हजार माणसं लागतील ना?

उघड्या मैदानात नाही. तिथे तीन हजार पुरतात.

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात याचं गणित मांडलं. जिथे प्रत्येक लढवय्या समोरच्या कुणावरही नेम धरू शकतो, तिथे सैन्याची ताकद म्हणजे कौशल्य गुणिले संख्येचा वर्ग. वर्ग संख्येचा होतो, कौशल्याचा नाही. हजाराचा वर्ग दहा लाख, गुणिले नऊ म्हणजे नव्वद लाख. तीन हजारांचा वर्गही नव्वद लाख. फिट्टंफाट. एल्फप्रेमींना हे गणित कधीच आवडत नाही.

पण आता रणांगण बदला. अरुंद खिंड घ्या, किंवा बुरुजाचा जिना, जिथे एका वेळी चार-पाच जणच भिडू शकतात. मागच्या रांगेतल्या माणसांचा तिथे उपयोग नाही, त्यामुळे वर्गाचा नियम गळून पडतो आणि साधा हिशोब उरतो: हजार एल्फांना खरोखरच नऊ हजार माणसं लागतात.

खरी मेख याच्याही पुढे आहे. मैदान तेच, माणसं तीच तीन हजार, पण एल्फांनी हुलकावणी देऊन त्यांचे दीड-दीड हजारांचे दोन तुकडे पाडले आणि एकेकाला गाठलं. पहिल्या तुकडीचा फडशा पाडल्यावर सुमारे ८६६ एल्फ उभे असतात, दुसरीनंतर सुमारे ७०७. एकत्र भिडल्यावर दोन्ही बाजू संपल्या असत्या. तुकडे पाडल्याने एल्फ सत्तर टक्के फौज राखून जिंकतात. म्हणून कादंबरीत एल्फ सेनापती छाती काढून मैदानात रांगा लावताना दिसला की समजायचं, एक तर तो मूर्ख आहे किंवा लेखकाला घाई आहे.

४. मग एल्फांनी प्रत्येक लढाईत असंच केलं तर माणसं कशी जिंकणार?

पाळण्याच्या जोरावर. समजा एल्फ एक लाख, माणसं वीस लाख. एल्फांच्या पन्नास हजार जोडप्यांना शंभर वर्षांत सरासरी एक मूल होतं असं धरू. म्हणजे वर्षाला ५०० जन्म. यंत्रयुगापूर्वीच्या समाजात हजारी सुमारे ४० जन्म होत आणि साधारण निम्मी मुलं मोठी होत नसत. वीस लाखांत ८०,००० जन्म, त्यातले ४०,००० हाताशी येतात, त्यात मुलगे २०,०००.

एल्फांच्या बाया-पुरुष दोघंही लढतात असं धरलं, एकही पोर दगावत नाही असं धरलं, तरी दरवर्षी उभे राहणारे नवे लढवय्ये ५०० विरुद्ध २०,०००. एकास चाळीस. त्यात वरच्या लढाईत (प्र. ३) पडलेल्या तीनशे एल्फांची जागा आज जन्मलेलं मूल घेणार ते प्रौढ झाल्यावर, म्हणजे शंभर वर्षांनी. माणसांची तीन हजारांची फौज कापली गेली तर ती भरून निघायला दोन महिनेसुद्धा लागत नाहीत.

इ.स.पू. २७९ मध्ये ॲस्क्युलमला रोमनांना हरवल्यावर राजा पिऱ्हस म्हणाला होता, असा आणखी एक विजय मिळाला तर आपण संपलो. त्याचे कसलेले सरदार घरापासून दूर पडत होते आणि रोमची भरती चालूच होती. एल्फांचा प्रत्येक विजय असाच असतो.

५. पण एल्फ म्हातारे होऊन मरतच नाहीत! हजारो वर्षांत त्यांचीच संख्या जास्त व्हायला नको?

हा आक्षेप बिनतोड आहे. वरच्याच आकड्यांत नैसर्गिक मृत्यू शून्य धरला तर एल्फ दर वर्षी अर्धा टक्का वाढतात आणि साधारण १४० वर्षांत दुप्पट होतात. चौदाशे वर्षांत लाखाचे दहा कोटी! जंगलात झाडांपेक्षा एल्फ जास्त.

त्यामुळे लेखकाला कुठे तरी ब्रेक लावावाच लागतो. टॉल्किनचे एल्फ मुलंबाळं तरुणपणीच होऊ देतात आणि पुढे त्यांची ती ओढ संपते. फेआनोर या एल्फ राजपुत्राचे सात मुलगे हा अपवाद म्हणून लक्षात राहतो. शिवाय त्यांच्यातले बरेचसे समुद्रापार निघून जातात. आंद्रजेई सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या ‘विचर’ मालिकेत हा ब्रेक फार क्रूर आहे. तिथे एल्फांना तरुणपणीच मुलं होऊ शकतात, आणि एलिरेन नावाच्या मुलीमागे तरुण एल्फ माणसांविरुद्ध उठतात ते जवळजवळ सगळे मरतात. मागे उरतात ते शेकडो वर्षं जगणार, पण त्यांना मुलं होणार नाहीत. एका हरलेल्या उठावात जमात संपते. या विषयावर इतका अचूक विचार मी दुसरीकडे वाचलेला नाही.

ज्या कथेत असा कुठलाच ब्रेक नाही आणि तरी एल्फ मूठभर आहेत, तिथे लेखकाने हिशोब केलेला नाही, एवढंच.

६. एल्फांच्या धनुष्यांचं काय? माणसं जवळ येईपर्यंत निम्मी खलास होतील.

एल्फांच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा. लाँगबो (माणसाएवढं उंच धनुष्य) ओढायला लहानपणापासून सराव लागतो. १५४५ मध्ये बुडालेलं आणि १९८२ मध्ये वर काढलेलं ‘मेरी रोझ’ हे इंग्रज जहाज बघा: त्यातली धनुष्यं ओढायला सुमारे ४५ ते ८० किलोचा जोर लागत असे. माणसाला असा धनुर्धर घडवायला उमेदीची वर्षं जातात आणि घडला की दहा-वीस वर्षांत तो उताराला लागतो. एल्फ एकदा घडला की सहा शतकं कामाचा.

घोडं अडतं ते बाणांवर. इंग्रज धनुर्धराला चोवीस बाणांचा जुडगा मिळे आणि तापलेल्या लढाईत तो काही मिनिटांत संपे. पाच हजार एल्फांना एकेक जुडगा द्यायचा तर १,२०,००० बाण. प्रत्येकाला तीन पिसं, म्हणजे ३,६०,००० पिसं. इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने फ्रान्सच्या स्वारीसाठी पाळलेल्या प्रत्येक हंसामागे सहा पिसं गोळा करण्याचा हुकूम काढला होता. त्या हिशोबाने साठ हजार हंस लागतात, तेही एका जुडग्यापुरते. एल्फांची जंगलं चितारणाऱ्या एकाही चित्रकाराने हंसांचे खुराडे काढलेले मला दिसले नाहीत. जिंकलेल्या मैदानावरून बाण वेचता येतात हे खरं, पण माघार घेताना ते शत्रूला मिळतात.

७. तीनशे वर्षं लढलेला सेनापती आणि तिशीतला राजपुत्र. यात स्पर्धा आहे का?

पहिल्या मोहिमेत नाही. इंग्लंड-फ्रान्सचं शंभर वर्षांचं युद्ध १३३७ ते १४५३ चाललं. ज्या माणसांनी ते सुरू केलं त्यांतलं कुणीही शेवट बघायला नव्हतं. एल्फांकडे तेवढ्या युद्धाच्या पहिल्या दिवशी शिपाई असलेला शेवटच्या दिवशी सरदार असतो. प्रत्येक ओढा, प्रत्येक चढ त्याच्या पायाखालचा.

पण याला दुसरी बाजू आहे. जो मरत नाही तो खुर्ची सोडत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या विजयावर मोठा झालेला सेनापती तीच चाल पुन्हा खेळतो, आणि त्याच्या हाताखालचा हुशार अधिकारी दीड शतक बढतीची वाट बघत कुजतो. माणसांचे सेनापती मरतात, बदनाम होतात, हाकलले जातात. दर पिढीला नवी डोकी येतात.

आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा जिवाच्या किमतीचा. चाळिशीत तापाने मरण्याची शक्यता असलेला शेतकरी ढालींच्या रांगेत उभा राहतो. पुढे सहाशे वर्षं दिसत असलेला एल्फ का उभा राहील? तो छापा घालेल, दुरून बाण मारेल, रात्री अंधारात दिसतं त्याचा फायदा घेईल. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधल्या एल्फाला तर झोपेऐवजी चार तासांचं ध्यान पुरतं, म्हणजे माणसांची झोप उडवायला तो रात्रभर मोकळा. पण एखादी जागा मरेपर्यंत धरून ठेवायची वेळ आली की त्याचे पाय मागे येणार. भित्रा म्हणून नाही. त्याच्याकडे गमावण्यासारखं जास्त आहे म्हणून.

८. माणसांनी जंगलात शिरण्याची चूक केली तर?

तर हाल होतील. इ.स. ९ मध्ये ट्यूटोबुर्गच्या जंगलात आर्मिनियस या जर्मन सरदाराने तीन रोमन लीजन (मोठ्या पलटणी) संपवले. चिंचोळी वाट, पाऊस, दलदल, कित्येक मैल लांबलेली फौज. गनिमी काव्याला यापेक्षा काय हवं? आर्मिनियस स्वतः रोमन सैन्यात राहून आलेला होता, हेही एल्फांनी लक्षात ठेवावं.

पण शहाणी माणसं जंगलात शिरत नाहीत, जंगल तोडतात. इ.स.पू. ५६ मध्ये गॉलच्या (साधारण आजच्या फ्रान्सच्या) उत्तर किनाऱ्यावरच्या टोळ्या रानात दडून छापे घालू लागल्या, तेव्हा जुलियस सीझरने सरळ झाडं पाडायला घेतली. पाडलेले ओंडके तो दोन्ही बाजूंना शत्रूच्या दिशेने रचत गेला, म्हणजे वाटही होत होती आणि तटही. शेवटी वादळी पावसाने त्याला परत फिरवलं. माणसांची बाजू मांडताना हे उदाहरण द्या: फौजेपुढे दहा हजार लाकूडतोडे, त्यांच्यामागे नांगर. एल्फांना राहायला जंगल लागतं आणि माणसांना लाकूड व शेतजमीन, म्हणजे पुढे सरकणं हाच माणसांचा नफा. आग लावण्याची कल्पनाही सगळ्यांना सुचते, पण ओलं जुनं रान सहज पेटत नाही आणि पेटलं तर वारा कुणाच्या बाजूचा नसतो.

९. एल्फांनी काहीच न करता दोनशे वर्षं वाट पाहिली तर?

तर बहुधा तेच जिंकतील, आणि हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. माणसांची राज्यं फुटतात. वारसाहक्काची भांडणं, साथी, दुष्काळ, एखादा माथेफिरू राजा. एल्फांनी तह करावा, खंडणी द्यावी, सरहद्दीवरचा एक प्रांत सोडावा आणि आठ पिढ्या जाऊ द्याव्यात. तहावर सही करणारा एल्फ अजून दरबारात असतो. समोर मात्र राज्यच दुसरं असतं.

अडचण एकच: या काळात माणसं वाढतही असतात. प्रत्येक जोडप्याची तीन मुलं मोठी झाली तर शंभर वर्षांत, म्हणजे चार पिढ्यांत, लोकसंख्या पाचपट होते. वाट बघण्याचं धोरण माणसांना अधूनमधून साथी-दुष्काळाचे तडाखे बसत असतील तरच चालतं. एल्फांनी ते तडाखे घडवून आणले तर तेही युद्धच, फक्त त्यावर चांगली कादंबरी अजून वाचायला मिळालेली नाही.

१०. जादूचा विचार का नाही केला?

कारण जादूचे नियम सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. फक्त तीन गोष्टी तपासा: जादू शिकायला किती वर्षं लागतात, ती वापरून दमायला होतं का, आणि ती शस्त्रासारखी दुसऱ्याच्या हातात देता येते का. शिकायला शतक लागत असेल तर पारडं एल्फांकडे. मंतरलेली कांडी कुणालाही वापरता येत असेल तर ती बंदूकच झाली (प्र. १२). आणि जखमा भरणारी जादू असेल तर आग ओकणाऱ्या जादूपेक्षा ती एल्फांना दसपट मोलाची, कारण त्यांचा तुटवडा माणसांचा—म्हणजे एल्फांचा—आहे (प्र. ४).

११. लोखंडाने एल्फ मरतात म्हणे. मग विषयच संपला?

अशा जगात हो, जवळजवळ. पोल अँडरसनच्या १९५४ च्या ‘द ब्रोकन स्वोर्ड’मध्ये एल्फांना लोखंडाला हात लावता येत नाही. असे एल्फ नांगराच्या फाळापुढेही हतबल. माणसांना वेगळी फौज उभारायची गरजच नाही. पण टॉल्किनच्या पद्धतीचे एल्फ स्वतःच उत्तम लोहार आहेत. दोन परंपरांची सरमिसळ करून वाद घालू नका.

१२. माणसांकडे बंदुका आल्या तर?

प्र. ६ मधला एल्फांचा सर्वांत भक्कम मुद्दा तिथेच संपतो. सुरुवातीच्या बंदुका मंद होत्या, नेम धड नव्हता, पाऊस पडला की बंद. तरीही १५९५ मध्ये इंग्लंडने आपल्या पथकांना धनुष्यं सोडून बंदुका घ्यायला लावल्या. बंदूक चालवायला माणूस काही आठवड्यांत तयार होतो. ज्या बाजूकडे नवशिके भरपूर आहेत तिला याहून चांगलं शस्त्र मिळणार नाही.

१३. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या चित्रपटात तर एल्फ माणसांच्या मदतीला हेल्म्स डीपच्या किल्ल्यावर येतात. मग ते शत्रू कसे?

ती २००२ च्या चित्रपटातली भर. पुस्तकात त्या लढाईला एल्फांची फौज येत नाही. लेगोलास हा एकटा एल्फ असतो तेवढाच. ऑर्क राक्षसांसारखा तिसरा शत्रू समोर असला की दोघं एकत्र येतात हे खरं, पण इथला प्रश्न तो शत्रू संपल्यानंतरचा आहे.

१४. मग प्रत्यक्ष कथांमध्ये कोण जिंकलंय?

‘विचर’मध्ये माणसं, वर सांगितलं तसं. ‘ड्रॅगन एज’ खेळांत एल्फांचं राज्य माणसांनी धर्मयुद्ध पुकारून बुडवलं. शहरी एल्फ भिंतीआडच्या वस्त्यांत राहतात. ‘स्कायरिम’ या खेळाच्या कथेआधीच्या महायुद्धात एल्फांचं डोमिनियन साम्राज्याची राजधानी घेतं, माणसं ती परत जिंकतात आणि तरीही एल्फांच्या अटींवर तह होतो, ज्यात माणसांचा देव टॅलोस याच्या पूजेवर बंदी येते. माणसांनी शेवटची लढाई जिंकली आणि एल्फांनी तह जिंकला. सगळ्यांत खरा वाटणारा निकाल हाच.

टॉल्किनकडे सरळ एल्फ-माणूस युद्ध शोधायला जाल तर सगळ्यांत जवळ जाणारी गोष्ट न्यूमेनॉर या माणसांच्या बेटराज्याची. राजा आर-फाराझोन अमरांच्या भूमीवर प्रचंड आरमार नेतो. तो तिथे उतरतो तोवर एल्फ आधीच निघून गेलेले असतात, आणि पुढचं काम खुद्द परमेश्वर करतो: आरमार आणि अख्खं बेट समुद्रात. तो निकाल कुणाच्या खात्यात टाकायचा ते तुम्ही ठरवा.

१५. अर्ध-एल्फ कुणाच्या बाजूने लढतील?

नियम बघावे लागतात. टॉल्किनकडे त्यांना निवड करावी लागते: एल्रॉन्ड एल्फ झाला, त्याचा सख्खा भाऊ एल्रॉस माणूस झाला आणि न्यूमेनॉरचा पहिला राजा बनला. ‘ड्रॅगन एज’मध्ये एल्फ आणि माणसाचं मूल थेट माणूसच निपजतं, तिथे प्रत्येक मिश्र लग्न म्हणजे एल्फांच्या आधीच तुटपुंज्या जन्मांतून एक वजा. जिथे अर्ध-एल्फ वेगळा गट म्हणून उरतात, तिथे दोन्ही भाषा आणि दोन्हीकडच्या वाटा त्यांनाच ठाऊक असतात. आर्मिनियसची जागा (प्र. ८) त्यांचीच, फक्त कुणाच्या विरुद्ध ते आधी सांगता येत नाही.

१६. मी कादंबरी लिहितोय आणि मला एल्फांनाच जिंकवायचंय. फसवाफसवी न करता कसं जमेल?

युद्ध छोटं ठेवा आणि उद्दिष्ट त्याहून छोटं. माणसांचं राज्य बुडवायचं नाही. एक नदी, एक घाट, एक खजिना. त्यांना मैदानात उभं करू नका, खिंडीत करा. शत्रूचे तुकडे पाडा. जखमी एल्फ उचलून आणण्यासाठी वेगळी तुकडी दाखवा. वाचकाला त्यांच्या संख्येची धास्ती आपोआप कळेल. माणसांचे दोन वारस असू द्या आणि एल्फांचा पैसा धाकट्याकडे पोचवा. आणि तहाच्या वाटाघाटीला किमान एक पूर्ण प्रकरण द्या, कारण तिथे तीनशे वर्षांची आठवण असलेला वकील एकाच बाजूला असतो. अमुक वाक्य पन्नास वर्षांनी कसं वाचलं जाईल हे त्याला पक्कं ठाऊक असतं. समोरच्या माणसाला संध्याकाळच्या आत सही करून घरी जायचं असतं.